माशाच्या त्वचेवरचा श्लेष्म: खरवडावा की टिपावा?

माशाच्या त्वचेवरच्या चिकट थरातले (श्लेष्मातले) विकर, म्हणजे एन्झाइम, मोजून पिल्लांपासून प्रौढांपर्यंत तुलना करायची, तर नमुना घेण्याची पद्धत एकच हवी. कोणती, इथे बरेचजण अडतात.

खरवडल्यास श्लेष्म भरपूर मिळतो, पण सोबत पेशी, खवले, कधी रक्तही येतं. फुटलेल्या पेशींतली प्रोटीएज (प्रथिनं तोडणारे विकर) मिसळली की वाढलेला आकडा श्लेष्माचा की जखमेचा, कळत नाही. शोषक कागदाने टिपलेला नमुना थोडा, पण स्वच्छ.

पुढची मेहनत सारखीच: पोटाकडची बाजू टाळा (विष्ठा लागते), बर्फावर ठेवा, सेंट्रिफ्यूज करून (वेगाने फिरवून गाळ वेगळा करून) उणे 80 अंशांवर साठवा. आकडे प्रति मिलिग्रॅम प्रथिन मांडा. अल्कलाइन फॉस्फटेज मोजायचं असेल तर फॉस्फेट बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) नकोच. फॉस्फेट त्या विकराला दाबतं.

पिल्लं असतील तर टिपणंच, अनेकांचा नमुना एकत्र करून. फक्त मोठे मासे आणि प्रथिन जास्त हवं, तर बोथट पात्याने हलकं खरवडणं चालेल.