दशावताराच्या क्लिप नेमक्या थापेवर कापायला डाव्हिन्ची रिझॉल्व्ह, फ्री व्हर्जन

हा रिव्ह्यू डाव्हिन्ची रिझॉल्व्ह या व्हिडिओ एडिटिंगच्या अख्ख्या सॉफ्टवेअरचा नाही, फक्त ट्रिमिंगचा आहे. कलर आणि इफेक्टवर ढिगाने व्हिडिओ सापडतात, पण क्लिप हव्या त्या फ्रेमवर कशी कापायची यावर कोणी धड बोलत नाही, आणि आमच्या कुडाळ, मालवण, वेंगुर्ल्याच्या बाजूला जत्रेतले दहीकाले (दशावताराचे रात्रभर चालणारे नाट्यप्रयोग) शूट करून टाकणाऱ्या पोरांना खरी गरज त्याचीच आहे.

कारण दशावतारात सगळं पखवाजावर चालतं. राजा आणि राक्षस तलवारी घेऊन समोरासमोर आले की पाय, तलवार, झांज सगळं एका थापेवर पडतं, आणि तिथे तुमचा कट दोन फ्रेम उशिरा आला तरी बघणाऱ्याला काहीतरी अडखळल्यासारखं होतं, नेमकं काय ते त्याला सांगता येत नाही पण होतं. २५ एफपीएसला (सेकंदाला २५ फ्रेम) एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद, दोन म्हणजे ८०, आणि थापेचा ठोका कानाला त्याच्या आधीच कळलेला असतो. शिवाय संवाद लिहून पाठ केलेले नसतात, नट तिथल्या तिथे रचतो, रिटेक वगैरे काही नाही. अशा नटाच्या वाक्याचं शेवटचं अक्षर कटमध्ये खाल्लं तर तो त्याच्यावर अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं.

मोबाईलच्या एडिटरमध्ये बोटाने कड ओढायची असते, एक-दोन फ्रेमसाठी बोट फार जाड पडतं. रिझॉल्व्हमध्ये एडिट पेजवर टी दाबलं की ट्रिम मोड चालू (ए म्हणजे साधा सिलेक्शन, बी म्हणजे ब्लेड). आता क्लिपची कड पकडून ओढली की रिपल होतं, म्हणजे पुढचं सगळं आपोआप सरकतं आणि मध्ये काळी गॅप राहत नाही. दोन क्लिपच्या जोडावर बरोबर मधोमध पकडलं की रोल, म्हणजे एक क्लिप जेवढी वाढते तेवढीच दुसरी कमी होते, एकूण लांबी तशीच, फक्त कट पुढेमागे. युद्धाच्या सीनला मला हेच सगळ्यात जास्त लागतं कारण खाली पखवाजाचा अखंड ट्रॅक टाकलेला असतो आणि तो एका फ्रेमनेही हलून चालत नाही. क्लिपच्या वरच्या भागात पकडून ओढलं तर स्लिप, टाइमलाइनवर क्लिप जागची हलत नाही पण आतला शॉट मागेपुढे होतो, म्हणजे प्रेक्षकांचा किंवा पायपेटीवाल्याचा (हार्मोनियम वाजवणाऱ्याचा) शॉट दोन सेकंदाचाच ठेवायचाय पण त्यातले कुठले दोन सेकंद ते बदलायचंय, तेव्हा हे सोन्यासारखं आहे. खालच्या नावाच्या पट्टीवर पकडलं की स्लाईड, ते मला क्वचितच लागतं. स्लिप करताना व्ह्यूअरमध्ये चार चित्रं दिसतात, आपल्या क्लिपची पहिली आणि शेवटची फ्रेम आणि आजूबाजूच्या क्लिपच्या फ्रेम, त्यामुळे अंदाजाने काही करावं लागत नाही.

पण खरी मजा माऊसमध्ये नाही, कीबोर्डमध्ये आहे. जोडावर क्लिक करा आणि कॉमा दाबा, कट एक फ्रेम मागे, फुलस्टॉप दाबा, एक फ्रेम पुढे, शिफ्ट धरून दाबलं तर पाच पाच फ्रेम (हा पाचचा आकडा प्रेफरन्सेसमध्ये बदलता येतो). आवाजाची लहर दिसेल एवढं झूम करा, थापेचं टोक बघा आणि कॉमाने तिथे आणून सोडा, बस. मी तरी कट टोकाच्या एक फ्रेम आधी ठेवतो, तलवार उचललेली दिसते आणि मग आवाज येतो, ते जास्त ठसतं. डब्ल्यू दाबून डायनॅमिक ट्रिम पण आहे, त्यात जे (मागे), के (थांबा), एल (पुढे) या कळांनी व्हिडिओ पळवता पळवताच कट सरकतो आणि के दाबलं की तिथे थांबतो, ज्याचा कान तयार आहे त्याने हे वापरून बघाच.

आवाज चित्राच्या आधी आणायचा असेल तर ऑल्ट धरून फक्त ऑडिओची कड पकडायची. गणपतीच्या प्रवेशाआधी पायपेटीचा सूर अर्धा सेकंद आधी सुरू केला की प्रवेश किती भारदस्त होतो बघा. आणि एक फ्रेमही जास्त वाटत असेल तर रिझॉल्व्हच्याच फेअरलाइट (आवाजाच्या) पेजवर जा, ४८ हजार हर्ट्झच्या ऑडिओत २५ एफपीएसच्या एका फ्रेममध्ये १९२० सॅम्पल (आवाजाचे सगळ्यात बारीक तुकडे) असतात, तिथे सॅम्पलपर्यंत कापता येतं.

आता अडचणी. हे जड आहे, कंपनीच १६ जीबी रॅम सांगते, ८ जीबीच्या लॅपटॉपवर ओढाताण होणार, तिथे प्रॉक्सी (फुटेजच्या हलक्या कॉपी) बनवूनच काम करा. मराठीत मेनू नाहीत. मोबाईलचं फुटेज बऱ्याचदा व्हेरिएबल फ्रेम रेटचं (सेकंदाला फ्रेमची संख्या कमीजास्त होणारं) असतं, लांब रेकॉर्डिंगमध्ये त्याने आवाज आणि चित्र हळूहळू फाकतं, मग ट्रिमिंग कितीही बारीक करा उपयोग नाही, म्हणून आधी हँडब्रेक या व्हिडिओ कन्व्हर्टरमध्ये कॉन्स्टंट फ्रेम रेट करून घ्यायचं. प्रोजेक्टचा फ्रेम रेट पण पहिली क्लिप टाकायच्या आधीच ठरवा, नंतर तो लॉक होतो. शक्य असेल तर शूटच २५ ला आणि शटर १/५० ला ठेवा, आपली वीज ५० हर्ट्झची आहे, मांडवातल्या ट्यूबलाइटचं फडफडणं बरंच कमी होतं.

रात्रभराच्या रेकॉर्डिंगमधून नुसतं आडदशावतार (सुरुवातीचा ठरलेला भाग) वेगळं आणि आख्यान (मुख्य कथा) वेगळं करायचं असेल तर मात्र रिझॉल्व्ह उघडायचीही गरज नाही, लॉसलेसकट नावाचं अॅप वापरा, ते व्हिडिओ परत एन्कोड करत नाही (नव्याने बनवत नाही) म्हणून झटपट होतं, फक्त कट जवळच्या कीफ्रेमवर (फाइलमध्ये ठराविक अंतराने पूर्ण साठवलेल्या फ्रेमवर) पडतो त्यामुळे दोन्ही बाजूंना थोडं जास्तीचं सोडा.

पैशाचं म्हणाल तर फ्री व्हर्जनमध्ये वॉटरमार्क नाही, अल्ट्रा एचडीपर्यंत ६० एफपीएसला एक्सपोर्ट होतं आणि वर सांगितलेलं सगळं ट्रिमिंग त्यात आहे. स्टुडिओ व्हर्जन एकदाच २९५ डॉलर देऊन मिळतं, पण आपल्या या कामाला ते लागत नाही. तेवढ्या पैशात आधी रॅम वाढवा आणि पखवाजाजवळ ठेवायला एक वेगळा रेकॉर्डर घ्या, तो आवाज वेव्हफॉर्मवरून कॅमेऱ्याशी जुळवायची सोय फ्रीमध्येच आहे.