जुन्या डेस्कटॉपसाठी आधी काय घ्यावे: एसएसडी की रॅम?

आठ-दहा वर्षे वापरलेला डेस्कटॉप सुरू व्हायला चार-पाच मिनिटे लावू लागला की बाजारात साधारणपणे दोन सल्ले मिळतात: रॅम (चालू कामाचा मजकूर तात्पुरता धरणारी मेमरी) वाढवा, नाहीतर नवीनच घ्या. यातला पहिला बहुतेक वेळा अर्धवट असतो आणि दुसरा घाईचा. संगणकात अजून फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असेल आणि रॅम ८ जीबी असेल, तर पहिला खर्च एसएसडीवरच (चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कवर) करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. रॅम ४ जीबीच असेल तर मात्र उत्तर बदलते.

हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला सहसा ७२०० फेरे घेते आणि हवी ती माहिती शोधण्यासाठी वाचणाऱ्या टोकाला दर वेळी जागा बदलावी लागते. या एका हालचालीला साधारण १० मिलिसेकंद लागतात, तर एसएसडीत काहीच फिरत नसल्याने तेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास होते. सलग मोठी फाइल वाचताना हार्ड डिस्क सेकंदाला सुमारे १५० एमबी आणि साटा एसएसडी (हार्ड डिस्कसारखीच केबलने जोडली जाणारी) सुमारे ५५० एमबी देते, म्हणजे फरक तीन-चार पटींचाच दिसतो. पण विंडोज सुरू होताना हजारो लहान फाइली इकडून तिकडून वाचल्या जातात आणि तिथे हा फरक कितीतरी पटींनी वाढतो.

रॅमचे गणित वेगळे आहे. ती पुरेशी असेल तर आणखी घालून वेग वाढत नाही. अपुरी असेल तर विंडोज तिच्यातला मजकूर डिस्कवर हलवते आणि गरज पडली की परत आणते. ४ जीबी रॅम आणि हार्ड डिस्क अशी जोडी असेल, तर ब्राउझरच्या पाच-सहा टॅबवरच संगणक अडतो. अशा ठिकाणी नुसती एसएसडी बसवली तर त्रास कमी होईल, संपणार नाही. तेव्हा रॅम ८ जीबी करण्याचा खर्चही त्याच वेळी धरावा.

आपला संगणक नेमका कुठे अडतो, हे विकत घेण्याआधी पाहता येते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि रोजचे काम चालू असताना मेमरी व डिस्क यांचे आकडे पाहावेत. आमच्या घरी २०१४ साली जुळवून घेतलेल्या संगणकासाठी ८ ची १६ जीबी रॅम करा, असे सुचवले गेले होते. प्रत्यक्षात सुरू झाल्यावर तो बराच वेळ डिस्क १०० टक्के आणि मेमरी ४५ टक्के दाखवत असे. कॅबिनेटला कान लावला तर आतली करकर सतत ऐकू येई. एसएसडी बसवल्यावर तोच संगणक अर्ध्या मिनिटाच्या आत कामाला तयार होऊ लागला, आणि रॅमला हातही लावावा लागला नाही.

रॅमच घ्यायची ठरली तर प्रकार तपासावा. डीडीआर३ आणि डीडीआर४ पट्ट्यांची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी बसत नाही. जोर लावल्यास मदरबोर्डच खराब होईल. किती स्लॉट रिकामे आहेत हे टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर दिसते. विंडोज ३२ बिटची असेल तर सहसा ४ जीबीच्या पुढची रॅम वाया जाते. एसएसडीच्या बाबतीत जुन्या बोर्डावर एम.२ स्लॉट (पट्टीसारखी एसएसडी थेट बोर्डावर बसवण्याची जागा) नसण्याची शक्यता मोठी असल्याने अडीच इंची साटा एसएसडी हाच सुरक्षित पर्याय ठरतो, आणि एनव्हीएमई या अधिक वेगवान एसएसडीच्या मोठ्या आकड्यांकडे पाहून अडॅप्टरवर जादा पैसे घालण्यात अर्थ नाही. साटा केबल बहुधा वेगळी घ्यावी लागते. जुनी हार्ड डिस्क चांगली असेल तर फोटो आणि कागदपत्रांसाठी दुसरी डिस्क म्हणून तिथेच राहू द्यावी, मात्र बदल करण्याआधी त्यातल्या मजकुराची प्रत बाहेर काढून ठेवावी.

खर्चाची मर्यादा ठरवताना एक तारीख लक्षात घेणे भाग आहे. विंडोज १० चा नियमित आधार (सुरक्षेची अद्यतने) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय तसेच, थोडे अपवाद वगळता, प्रोसेसर इंटेलचा असल्यास तो आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. त्याहून जुन्या संगणकावर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी बसवता येणारी संगणक प्रणाली) उत्तम चालते, ते विनामूल्य आहे आणि त्यात मराठीचा इन्स्क्रिप्ट कीबोर्डही मिळतो; पत्रव्यवहार, बँकेची कामे आणि मुलांचा अभ्यास एवढाच वापर असेल तर एसएसडी आणि मिंट ही जोडी मी निःशंकपणे सुचवेन. छपाईच्या व्यवसायात जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टवर वर्षानुवर्षांचा मजकूर साठलेला असेल आणि तो विंडोजवरच्या सॉफ्टवेअरशिवाय उघडत नसेल, तर मात्र त्या संगणकात पैसे न घालता विंडोज ११ चालणारा संगणक घ्यावा, आणि जुना संगणक इंटरनेटपासून तोडून फक्त त्या फाइलींसाठी ठेवावा.