जिप्सीचे इंजिन बदलताना निवडलेला पाच गियरांचा गियरबॉक्स : 15 वर्षांच्या वापरानंतर

आमच्या घरी 1991 सालची मारुती जिप्सी आहे. देवगड तालुक्यातली आमची हापूसची बाग सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, असून डांबरी रस्त्यापासून बागेपर्यंतची वाट जांभ्या दगडाची, चढाची आणि पावसाळ्यात दोन वहाळ (ओढे) ओलांडून जाणारी आहे. त्यामुळे चारही चाकांना ओढ देणारी हलकी गाडी ही आमच्यासाठी हौस नसून रोजची गरज आहे. या गाडीला मुळात 970 सीसीचे, सुमारे 45 अश्वशक्तीचे इंजिन आणि चार गियरांचा गियरबॉक्स होता. 2009 च्या मे महिन्यात आंब्याच्या पेट्या भरून फोंडा घाट चढताना इंजिन तापून बंद पडले आणि उघडल्यावर हेड वाकलेले व ब्लॉकला तडा गेलेला आढळला. त्याच्या जागी जिप्सी किंगचे, म्हणजे याच गाडीच्या नंतरच्या, मोठ्या इंजिनाच्या आवृत्तीचे, 1298 सीसीचे, आठ व्हॉल्व्हचे, कार्बोरेटरवर चालणारे इंजिन बसवायचे हे एका संध्याकाळी ठरले. त्या इंजिनामागे गियरबॉक्स कोणता लावायचा, हे ठरायला मात्र आठ महिने लागले आणि त्या काळात बराच पैसा वाया गेला. शेवटी जो गियरबॉक्स बसवला, तो जिप्सी किंगचाच पाच गियरांचा होता आणि तो आजही त्याच गाडीत आहे. हे परीक्षण त्या गियरबॉक्सचे आणि तो बसवून देणाऱ्या कणकवलीच्या मिस्त्रींच्या कामाचे आहे.

कागदपत्रांविषयी आधी थोडे लिहितो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार इंजिन बदलायचे तर नोंदणी अधिकाऱ्याची मान्यता लागते आणि नवा इंजिन क्रमांक आरसी बुकावर चढवून घ्यावा लागतो. आमची नोंद त्या वेळी ओरोसच्या आरटीओ कार्यालयात झाली. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत असे बदल करण्यावर कडक भूमिका घेतली आहे. त्यामुळे आज कोणी असे काम काढत असेल, तर त्याने सुटे भाग विकत घेण्याआधी आरटीओत जाऊन लेखी विचारणा करावी. एकदा पैसे अडकले की माणूस नियमाकडे डोळेझाक करायला लागतो, म्हणून हा क्रम महत्त्वाचा आहे.

गियरबॉक्स निवडताना बहुतेक लोक आधी गियर किती आणि किंमत किती हे विचारतात. मीही तेच केले. खरे तर पहिला प्रश्न बेल हाउसिंगचा असतो, म्हणजे गियरबॉक्सचे जे घंटेच्या आकाराचे तोंड इंजिनाच्या पाठीला बसते, त्याची भोके इंजिनाच्या भोकांशी जुळतात की नाही. जिप्सीचे जुने 970 चे इंजिन आणि किंगचे 1298 चे इंजिन ही एकाच कंपनीची असली, तरी दोन वेगळ्या घराण्यांतली आहेत आणि त्यांची ही भोके जुळत नाहीत. मारुतीच्याच एस्टीममध्येही 1298 सीसीचेच इंजिन असल्यामुळे तिचा गियरबॉक्स चालेल असे मला दोघांनी सांगितले होते. पण एस्टीमचे इंजिन आडवे बसते आणि तिचा गियरबॉक्स पुढच्या चाकांसाठी, डिफरन्शियल (ताकद डाव्या-उजव्या चाकांत वाटणारा गियरसंच) पोटात घेऊन बनवलेला असतो, त्यामुळे जिप्सीत त्याचा काहीच उपयोग नाही. मारुती व्हर्साचे इंजिन उभे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने, आणि मागची चाके फिरवणारे आहे, म्हणून तो पर्याय कागदावर बरा दिसतो. परंतु त्या गाडीत चालक इंजिनाच्या वर बसतो, गियरबॉक्स त्याच्या मागे राहतो आणि गियरचा दांडा दुरून जोडलेला असतो. ती सगळी जोडणी जिप्सीच्या बोगद्यात (तळाच्या मधल्या उंचवट्यात) नव्याने उभी करावी लागली असती.

एका ओळखीच्या गृहस्थांनी डिझेल जीपचा मजबूत गियरबॉक्स सुचवला होता, आणि या सल्ल्याबद्दल सविस्तर लिहावेसे वाटते, कारण तो मला आजही ऐकायला मिळतो. मजबुती हवीच, पण ती इंजिनाच्या ताकदीच्या मानाने हवी. जुन्या जीपचे डिझेल इंजिन मिनिटाला 3000 फेऱ्यांच्या आसपास आपली ताकद देऊन मोकळे होते, म्हणून त्याच्या गियरांची गुणोत्तरे (गियरबॉक्समधून बाहेर एक फेरा निघायला इंजिनाचे किती फेरे लागतात ते आकडे) सावकाश फिरणाऱ्या इंजिनासाठी आखलेली असतात. आमचे पेट्रोलचे छोटे इंजिन 6000 च्या आसपास पूर्ण ताकद देते; त्याला भरभर फिरू देणारे, जवळजवळचे गियर लागतात. जड गियरबॉक्स लावला असता तर पुढच्या स्प्रिंगांवर वजन वाढले असते, वरच्या गियरात गाडी ओढली नसती आणि जी मजबुती विकत घेतली ती वापरायची वेळच आली नसती.

माझी चूक मात्र याहून वेगळी होती. इंजिन हाती आले तेव्हा त्याचा गियरबॉक्स आधीच दुसऱ्या कोणाला विकला गेला होता. ज्या गॅरेजकडे काम दिले होते, त्यांनी सुचवले की जुना चार गियरांचा गियरबॉक्स सुस्थितीत आहे, तर मध्ये लोखंडी अॅडॅप्टर प्लेट टाकून तोच जोडू. खर्च निम्मा होणार होता, म्हणून मी होकार दिला. प्लेट गॅसने कापून, हाताने भोके मारून बनवली गेली. प्लेटच्या जाडीमुळे गियरबॉक्स मागे सरकला आणि त्याच्या इनपुट शाफ्टचे (इंजिनाची ताकद आत घेणाऱ्या दांड्याचे) टोक फ्लायव्हीलमधल्या (इंजिनाच्या पाठीवरच्या जड चकतीतल्या), त्याला आधार देणाऱ्या पायलट बेअरिंगमध्ये जेमतेम पोहोचू लागले. त्याहून मोठा दोष मध्यबिंदूचा होता. क्रँकशाफ्टचा (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचा) मध्य आणि इनपुट शाफ्टचा मध्य एका रेषेत यावे लागतात. त्यात साधारण 0.13 मिलिमीटरपेक्षा जास्त फरक चालत नाही, आणि तो तपासायला फ्लायव्हीलवर डायल गेज (बारीक फरक दाखवणारे मापक) लावून बेल हाउसिंगच्या कडेने एक पूर्ण फेरा घ्यावा लागतो. ही रेषा बोल्ट राखत नाहीत, डॉवेल पिना, म्हणजे जागा नेमकी धरणाऱ्या पिना, राखतात. आमच्या प्लेटला डॉवेल पिना नव्हत्याच. पहिल्या महिन्यात क्लच दाबला की बारीक किंकाळीसारखा आवाज येऊ लागला, तिसऱ्या महिन्यात क्लच प्लेटचा मधला भाग सैल झाला आणि डिसेंबरात, तळेबाजारच्या पुढे, इनपुट शाफ्टचे बेअरिंग फुटून त्याच्या गोळ्या गियरांमध्ये गेल्या. चांगला म्हणून ठेवलेला गियरबॉक्स त्या दिवशी भंगारात जमा झाला.

त्यानंतर गाडी कणकवलीच्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी प्लेट काढून हातात घेतली, भोकांवरून अंगठा फिरवला आणि एवढेच म्हणाले, "भाऊ, ह्या इंजिनाक त्याचोच गियरबॉक्स व्हयो." किंगचा गियरबॉक्स शोधण्यासाठी आम्ही दोघे कोल्हापूरला गेलो. जुन्या सुट्या भागांच्या एका दुकानात तीन गियरबॉक्स होते. तिन्ही बाहेरून सारखेच काळे आणि तेलकट दिसत होते.

तिथे मिस्त्रींनी जे केले, ते मी आजवर कोणाला करताना पाहिले नव्हते. त्यांनी मागच्या फ्लँजवर (ताकद बाहेर देणाऱ्या चकतीवर) खडूने एक रेघ ओढली, मला समोर बसवून इनपुट शाफ्ट हाताने फिरवायला सांगितले आणि स्वतः रेघेकडे बघत मोजत राहिले. पहिला गियर टाकून मी 11 फेरे दिले, तेव्हा मागची रेघ बरोबर 3 वेळा वर आली. तिसऱ्या गियरात 10 फेऱ्यांना 7 झाले, चौथ्यात जेवढे आत तेवढेच बाहेर, आणि पाचव्यात आत 4 फेरे दिल्यावर बाहेर 5 निघाले. किंगच्या गियरबॉक्सची गुणोत्तरे पहिल्या गियरापासून 3.652, 1.947, 1.423, 1.000 आणि 0.795 अशी आहेत. हाताच्या मोजणीशी ती तंतोतंत जुळली. याचा अर्थ आतले गियर मूळचेच होते, कोणी मधला एखादा दुसरीकडचा घातला नव्हता. मग त्यांनी प्रत्येक गियरात शाफ्ट दोन्ही दिशांना झटक्याने फिरवून पाहिला, तोंडाचा शाफ्ट वरखाली हलवून बेअरिंगचा खेळ तपासला आणि ड्रेन प्लग उघडून उरलेले तेल बोटांत चोळले. पहिल्या गियरबॉक्सच्या तेलात पितळेचा सोनेरी चुरा होता, म्हणजे सिंक्रो रिंगा (गियर बदलताना वेग जुळवणाऱ्या पितळी कड्या) झिजलेल्या होत्या. दुसऱ्यात तिसरा गियर टिकत नव्हता. "गियर पडता, पन थंय रवना नाय," असे म्हणून तो त्यांनी बाजूला ठेवला. तिसरा आम्ही 14000 रुपयांना घेतला.

बसवण्याच्या कामात जिप्सीची एक मूळ रचना फार उपयोगी पडली. या गाडीत ट्रान्स्फर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी गियरपेटी) गियरबॉक्सला चिकटलेली नसते. ती मागे वेगळी टांगलेली असते आणि दोहोंच्या मध्ये एक छोटा शाफ्ट असतो. त्यामुळे गियरबॉक्स बदलला तरी ट्रान्स्फर केस, पुढचा-मागचा प्रोपेलर शाफ्ट आणि डिफरन्शियल यांना हात लावावा लागत नाही. स्पीडोमीटरची केबलही ट्रान्स्फर केसमधूनच निघते, म्हणून वेगाचे आकडे आधी होते तसेच बरोबर राहिले. फक्त मधल्या शाफ्टची लांबी जुळत नव्हती. ती मिस्त्रींनी गियरबॉक्सखालचा जॅक काढल्यावर मोजली, कारण वजन पडल्यावर रबरी माउंटिंग खाली बसतात आणि माप बदलते. शाफ्ट कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर कापून, जोडून, बॅलन्स करून आणला. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि पायलट बेअरिंग नवे आणि सगळे किंगचेच घेतले. क्लच प्लेटचे दाते गियरबॉक्सशी आणि तिचा व्यास फ्लायव्हीलशी जुळावा लागतो, आणि दोन्हीकडचा माल एकाच गाडीचा असला की हा प्रश्नच उरत नाही. गियरबॉक्सखालच्या आडपट्टीची भोके मात्र नव्याने पाडावी लागली. बेल हाउसिंग इंजिनाला भिडली तेव्हा मिस्त्रींनी बोल्ट आवळण्याआधी ती हाताने ढकलून डॉवेलवर बसवली, आणि बसतानाचा तो घट्ट, छोटा आवाज ऐकून त्यांनी माझ्याकडे पाहिले. मला त्या क्षणी आधीच्या आठ महिन्यांचा हिशेब पुरता कळला. मजुरी 6500 रुपये झाली आणि त्यांनी सांगितलेल्या दिवशीच गाडी मिळाली.

आता चालवण्याविषयी. पाचव्या गियरामुळे इंजिनाच्या फेऱ्या सुमारे एक पंचमांशाने कमी होतात. ज्या वेगाला चौथ्या गियरात 3500 फेरे लागत, त्याच वेगाला पाचव्यात साधारण 2780 लागतात. मुंबई-गोवा महामार्गावर याचा फायदा कानांना आधी आणि पेट्रोलच्या खर्चात नंतर जाणवतो. फोंडा घाटात जिथे जुन्या इंजिनावर दुसरा गियर टाकूनही गाडी धापा टाकत असे, तिथे आता पेट्या भरलेल्या असताना ती तिसऱ्यात चढते, आणि उतरताना दुसऱ्या गियरात इंजिन गाडीला इतके धरून ठेवते की ब्रेकवर पाय ठेवून बसावे लागत नाही. पाचव्या गियराची ओढ मात्र कमी आहे. समोरून वारा असताना किंवा बारीक चढावर पाचवा टिकत नाही आणि पुन्हा चौथ्यात यावे लागते. सकाळी तेल थंड असताना दुसरा गियर घाई केली तर अडतो, क्षणभर थांबून टाकला तर सरळ पडतो. ज्याला गाडी केवळ महामार्गावर चालवायची आहे, त्याला हा गियरबॉक्स खडबडीत वाटेल. सड्यावरच्या वाटेला, लो रेंजच्या (ट्रान्स्फर केसमधल्या सावकाश गियराच्या) जोडीने, पहिला गियर माणूस चालतो त्या गतीने गाडी नेतो आणि आम्हाला नेमके तेच हवे आहे.

तेलाच्या बाबतीत मी कोकणातल्या सर्वांना आवर्जून दोन गोष्टी सांगेन. या गियरबॉक्सला सुमारे 1.3 लिटर तेल लागते आणि ते जीएल-4 दर्जाचे असावे. डिफरन्शियलसाठी विकले जाणारे जीएल-5 तेल अधिक भारी म्हणून यात ओतले जाते, पण त्यातली गंधकयुक्त द्रव्ये सिंक्रो रिंगांच्या पितळेला बाधू शकतात. दुसरी गोष्ट पाण्याची आहे. 2012 च्या जुलैत वहाळ ओलांडून आल्यावर आठवड्याभरात गियर जड झाले. प्लग उघडला तर तेल दूध घातलेल्या चहाच्या रंगाचे बाहेर आले. तापलेला गियरबॉक्स थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून, ब्रीदरमधून (हवा ये-जा करण्याच्या छिद्रातून) पाणी आत ओढले जाते. मिस्त्रींनी तेल दोनदा बदलून आतून धुऊन काढले आणि ब्रीदरला रबरी नळी जोडून ती बॉनेटखाली, एअर फिल्टरच्या उंचीवर नेऊन बांधली. त्यानंतर पाणी एकदाही शिरले नाही. खाऱ्या हवेने दांड्याच्या तळाचे रबरी आवरण मात्र दर तीन-चार वर्षांनी फाटते आणि ते वेळीच बदलावे लागते, नाही तर बोगद्यातली लाल माती थेट दांड्याच्या सांध्यावर बसते.

2017 मध्ये एकदा गियरबॉक्स उघडला, तेव्हा दुसऱ्या गियराची सिंक्रो रिंग आणि इनपुट शाफ्टचे बेअरिंग बदलले. गियरांचे दात शाबूत होते. सुटे भाग कोल्हापुरात दोन दिवसांत मिळाले. नागरी ग्राहकांसाठी जिप्सीचे उत्पादन 2019 मध्ये थांबले असले तरी भागांची अडचण मला अजून आलेली नाही. दुसऱ्या गियराची एक सिंक्रो रिंग मात्र मी घरात आणून ठेवली आहे. गेल्या मे महिन्यात, पेट्यांचा हंगाम संपल्यावर, तेल बदलले. चुंबक असलेल्या ड्रेन प्लगवर नेहमीसारखी राखाडी, मऊ साय होती आणि तिच्यात एकही कण बोटाला टोचला नाही.