मनगटावरचं नाव, पोटरीवरचा क्लब

सांगलीत कॉलेजला असताना मैत्रिणीच्या नादानं मनगटावर एक नाव गोंदवून घेतलं होतं. अर्थात नवऱ्याचं नव्हे. त्याला ठाऊक आहे, पण लेक देवनागरी वाचायला शिकली आणि "आई, हा कोण गं?" सुरू झालं. म्हणून ब्रिस्बेनच्या दक्षिणेला, लोगनमधल्या एका लेझर क्लिनिकात जाते आहे. तीन फेऱ्या झाल्या.

काम चोख. डोळ्यांवर जाड चष्मा, गार हवेची नळी, आणि रबरबँड ताणून सोडावा तसे चटके. केस जळाल्याचा वास येतो, कातडी क्षणभर पांढरी पडते. काळी शाई लवकर विरते, हिरवी-निळी हट्टी. माझी हिरवी वेल अजून जशीच्या तशी आहे, पण असं होणार हे तिथल्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. दोन फेऱ्यांत आठ आठवडे ठेवतात. गिऱ्हाईक घाई करतं म्हणून लवकर बोलावत नाहीत.

एक स्टार कापला तो रिसेप्शनसाठी. "जुन्या बॉयफ्रेंडचं नाव ना?" असं भर खोलीत विचारलं! शेजारी पन्नाशीचा एक दांडगा, दाढीवाला गडी बसला होता, तो खो खो हसला. पोटरी पुढे करून म्हणाला, माझं बघा.

इथे मोटरसायकलवाल्या बदनाम टोळ्यांतल्या माणसांना 'बाइकी' म्हणतात, त्यांच्या एका क्लबचं चिन्ह होतं, खाली दोन तारखा. एक क्लबात शिरल्याची, एक बाहेर पडल्याची. बिनबाह्यांचं जॅकेट आणि त्यावरचे पॅच सोडताना परत करावेच लागतात. ते क्लबच्या मालकीचे, माणूस नुसता वापरणारा. सगळ्यांशी नीट बोलून निघालात, तर टॅटू राहतो आणि त्याखाली बाहेर पडल्याची तारीख येते. हाकलून दिलं, तर तो काळा करावा लागतो, आणि कित्येकदा मोटरसायकलही जाते. हा नीट निघालेला.

मग काढतोस कशाला?

तर त्याला वेस्टर्न ऑस्ट्रेलियात खाणीवर नोकरी लागली आहे. तिथल्या २०२१ च्या कायद्यानं अशी चिन्हं चारचौघांत दाखवायला बंदी, टॅटूसुद्धा त्यात आले. क्लबनं मान्य केलेली दुसरी तारीख पोलिसांपुढे उपयोगाची नाही. रोज पट्टी लावून फिरण्यापेक्षा हे बरं, म्हणाला.

माझी आजी म्हणायची, दागिने इथंच राहतात, गोंदण तेवढं बरोबर येतं. त्याला सांगावंसं वाटलं, पण इंग्रजीत कसं सांगणार?

गेल्या महिन्यात पुन्हा दिसला. चिन्ह पुसट राखाडी झालं होतं, दुसरी तारीख मात्र ठळक. ती सगळ्यात शेवटी काढा, असं त्यानंच सांगितलंय.

मनगटाएवढ्या कामाला दर फेरीस १२० डॉलर. पार्किंग मागच्या गल्लीत बघा.