जेमीटर, सात महिन्यांनंतर: आधी शिव्या दिल्या, मग अर्ध्या परत घेतल्या

जेमीटर म्हणजे वेबसाइटवर खोटी गर्दी (लोड) सोडून ती किती झेपते ते बघायचं टूल, आणि थ्रेड ग्रुप म्हणजे त्यातली खोट्या युजरांची टोळी, एक थ्रेड म्हणजे एक युजर. याहून जास्त सांगत बसत नाही. फुकट आहे म्हणून आमच्याकडे आलं एवढंच, मॅनेजरने पैसेवाल्या टूलचं कोटेशन बघितलं आणि "ओपन सोर्समध्ये बघ ना काहीतरी" म्हणाला, विषय संपला.

पहिले दोन महिने माझा सगळा राग व्ह्यू रिझल्ट्स ट्रीवर, म्हणजे प्रत्येक रिक्वेस्टचं उत्तर स्क्रीनवर दाखवणाऱ्या लिसनरवर (निकाल गोळा करणारा भाग). टेस्ट सुरू केली की वीसेक मिनिटांनी सर्व्हर मस्त चालू आणि जेमीटरच गचकलेलं. हीप, म्हणजे जेमीटरला वापरायला मिळणारी मेमरी, डिफॉल्ट १ जीबी, आणि हे लिसनर रिस्पॉन्स पोटात साठवत बसतंय, होणार काय दुसरं. गंमत म्हणजे उघडतानाच मागच्या काळ्या खिडकीत लिहून येतं की जीयूआय (बटणांची खिडकी) फक्त टेस्ट बनवायला, लोड द्यायला नाही. ती खिडकी मी रोज न वाचता मिनिमाइज करत होतो. कमांड लाइनवरून चालवायला लागलो, लिसनर सगळे बंद, निकाल थेट फाइलमध्ये, त्यानंतर एकदाही पडलं नाही.

खरा दणका पुढे. एका क्लासवाल्यांचं रिझल्टचं पोर्टल होतं. २०० थ्रेड लावले, थिंक टाइम (दोन रिक्वेस्टमधली विश्रांती) शून्य, अर्धा तास चालवलं. सरासरी १ सेकंद, एरर शून्य, ग्राफ टेबलासारखा सपाट. मी रिपोर्ट पाठवून चहाला गेलो. रिझल्टच्या दिवशी दुपारी १ ला लिंक खुली झाली आणि १ वाजून ३ मिनिटांनी मला फोन, पोर्टल अडकलंय.

त्या रात्री वैतागून इथे एक स्टार देणार होतो, बरं झालं दिला नाही.

कारण २०० थ्रेड म्हणजे २०० माणसं असं मी धरून चाललो होतो. थ्रेड रिक्वेस्ट टाकतो आणि उत्तर येईपर्यंत गप्प उभा राहतो, पंगतीतल्या समजूतदार पाहुण्यासारखा, वाढाल तेव्हा जेवीन. उत्तर १ सेकंदात आलं तर सेकंदाला २०० रिक्वेस्ट, ५ सेकंद लागले तर आपोआप ४०. म्हणजे सर्व्हर दमला की माझी टेस्टच त्याला विश्रांती देत होती!! आणि पालक काय थांबतात होय, ते तर रिफ्रेश मारतात.

त्या दिवशीचे सर्व्हरचे लॉग काढले तर सेकंदाला साधारण ३०० जण येत होते. डेटाबेसचा कनेक्शन पूल, म्हणजे सगळ्यांनी वाटून वापरायची ठरावीक कनेक्शनं, हिकारी नावाच्या लायब्ररीचा, डिफॉल्ट १०, कोणी हातच लावला नव्हता. एक कनेक्शन एका रिक्वेस्टला ५० मिलिसेकंद अडकतं, म्हणजे १० कनेक्शन सेकंदाला २०० पेक्षा जास्त काढूच शकत नाहीत. दर सेकंदाला १०० जण उरतात, मिनिटात रांगेत ६०००, शेवटच्याचा नंबर ३० सेकंदांनी. सीपीयू मात्र निवांत, म्हणून क्लासवाल्यांचा माणूस "मशीनवर तर लोडच नाही" हेच घोकत बसलेला. माझा तो छान सपाट ग्राफ म्हणजे हाच २०० चा अडसर होता, मी त्याला तब्येत समजलो.

आता जेमीटरची बाजू. २०२२ मध्ये आलेल्या ५.५ पासून ओपन मॉडेल थ्रेड ग्रुप आहे, त्यात थ्रेड नाही, सेकंदाला किती यायचे ते लिहायचं, सर्व्हर रडो नाहीतर हसो. केसिक्स या दुसऱ्या लोड टेस्टिंग टूलमध्येही हे आहे, कॉन्स्टंट अरायव्हल रेट नावाने, वर स्क्रिप्टच्या किती फेऱ्या सुरूच करता आल्या नाहीत तेही मोजून देतं, ते मला फार आवडलं. पण त्यात टेस्ट जावास्क्रिप्टमध्ये लिहायची, आणि ती लिहायला आमच्या टीममधलं कोणी तयार नाही, म्हणून जेमीटरच चालू. पूल २० केला, तीच ३०० ची टेस्ट परत लावली, पी९५ (शंभरातल्या ९५ रिक्वेस्टना याच्या आत उत्तर) अर्ध्या सेकंदाच्या आत.

अजून दोन गोष्टी. सगळे थ्रेड एकाच रोल नंबरने लॉगिन करू नका, तोच रेकॉर्ड कॅशमधून, म्हणजे जवळ साठवलेल्या प्रतीतून, पटकन येतो आणि आपण खूश, सीएसव्ही फाइलमध्ये हजारभर वेगवेगळे टाका. आणि ऑफिसच्या वायफायवरून लॅपटॉपने लोड देऊ नका, वायफायची टेस्ट होते. तासावर भाड्याने मशीन घ्या आणि काम झालं की आठवणीने बंद करा, मी शुक्रवारी विसरलो आणि सोमवारी बिल बघून पोटात गोळा आला.

पाचपैकी साडेतीन स्टार. अर्धा त्या ट्रीसाठी कापला, ते मी माफ करणार नाही. उरलेला एक, कारण नवीन टेस्टसाठी सगळे अजून तो जुनाच थ्रेड ग्रुप उघडतात, मागच्या आठवड्यात आमच्या नव्या पोराने उघडला, २०० लिहिलं आणि मला म्हणाला, "सर, ग्राफ एकदम सपाट आलाय."