तीन मडक्यांचा कंपोस्ट खांब: ठाण्याच्या फ्लॅटमध्ये तिन्ही ऋतू वापरल्यानंतर

उन्हाळा, पावसाळा, थंडी असे तिन्ही ऋतू गेल्यावर एवढं ठामपणे सांगता येतं की घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटच्या ड्राय बाल्कनीत तीन मडक्यांचा खांब, म्हणजे ओल्या कचऱ्याचं खत करणारी एकावर एक रचलेली मडकी, चालतो. चार माणसांचा रोजचा पाऊण ते एक किलो ओला कचरा त्यात जिरतो आणि नीट सांभाळला तर वासही येत नाही. वायफळ आहे ती कचऱ्यावर टाकायला सोबत येणारी ओल शोषणारी पावडर आणि तिची दर महिन्याची ऑर्डर.

बहुतेक जण खांब घेतात ते वैतागून. ठाण्याचा कचरा आधी दिव्याला, मग भंडार्ली, डायघर. जाईल तिथे गावकऱ्यांचा विरोध. दाद मागायला नगरसेवकही नव्हता. ठाण्यात मार्च २०२२ पासून, नवी मुंबईत तर २०२० पासून प्रशासकच कारभार पाहत होते. निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरातला घातक कचरा वेगळा देणं बंधनकारक केलं, पण वेगळं केलेलं गाडीत एकत्र पडताना दिसलं की माणूस चिडतो. त्या चिडीवर बाजाराने लगेच दुकान थाटलं: बांबूचे ब्रश, स्टीलचे स्ट्रॉ आणि खांबाचं ‘इको किट’, त्यात पावडर, स्प्रे, हातमोजे, नक्षीदार खुरपं. कमी घ्यायचं ठरवून निघालेल्याच्या हातात आणखी एक खोकं!

पावडर म्हणजे मुख्यतः कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि थोडं विरजण. कोकोपीटची ५ किलोची वीट २० ते २५ लिटर पाण्यात फुगवली की साधारण ७० लिटर होते. ती नंतर उन्हात खडखडीत वाळवावी लागते, ओली टाकली तर शोषणार काय? विरजण म्हणून तयार कंपोस्ट मूठभर किंवा आंबट ताक अर्धी वाटी पुरतं. त्याहून स्वस्त म्हणजे सोसायटीतला पालापाचोळा. पर्जन्यवृक्षाची बारीक पानं उत्तम, देशी बदामाची मात्र चुरून घ्यावीत. पानगळ उन्हाळ्याआधी होते आणि कोरडा माल खरा लागतो पावसाळ्यात, म्हणून मार्चमध्येच दोन-तीन गोण्या भरून ठेवा. वखारीतला भुसाही चालतो, पण प्लायवूडचा नको, त्यात डिंक असतो.

खांबाची वरची दोन मडकी बुडाला उघडी, फक्त दोरीची जाळी असलेली, तळाचं बंद. सुतळीची जाळी कचऱ्याबरोबरच कुजते, नायलॉनची दोरी बांधून घ्या. ऑइल पेंटने रंगवलेली मडकी घेऊ नका. मातीची छिद्रं बुजली की हवाही थांबते आणि बाष्पही. जाळीवर वर्तमानपत्राचे दोन थर, त्यावर चार बोटं पालापाचोळा. मग रोजचा कचरा इंचभर चिरून टाका आणि तेवढ्याच मापाचा कोरडा माल वर पसरा. वरचं भरलं की मधल्याशी अदलाबदल. वर आलेलं रिकामं मडकंही भरलं की मधल्यातला माल तळाच्या मडक्यात.

खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. हवाच दमट असल्याने आतलं पाणी उडत नाही. मूठभर माल घट्ट दाबून पाहा: एखादा थेंब आला तर ठीक, धार लागली तर कोरडा माल दुप्पट करा. अमोनियासारखा उग्र वास म्हणजे नत्र जास्त, पानं कमी. सडक्या अंड्यासारखा वास आला तर आत हवा नाही. सगळं वर-खाली करून भुसा मिसळा. करड्या, जाड अळ्या दिसल्या की अर्धे लोक खांब विकायला काढतात. त्या ब्लॅक सोल्जर माशीच्या असतात, चावत नाहीत, रोगही पसरवत नाहीत, उलट कचरा झपाट्याने खातात. नको असतील तर अन्न उघडं ठेवू नका आणि निंबोळी पेंडीची चिमूट भुरभुरा. चिलटांसाठी झाकणाखाली सुती कापड, मुंग्यांसाठी खांब पाण्याच्या ताटलीत.

आंब्याची कोय, नारळाची शेंडी, हाडं घालू नका. चहाचा चोथा धुऊनच, नाहीतर दूध-साखर मुंग्यांना बोलावते. निर्माल्यातला दोरा आणि प्लास्टिक काढायलाच हवं. कोलंबीची सालं, मासळीची आतडी फ्लॅटमध्ये टाळलेली बरी. विक्रेते ‘काहीही चालतं’ म्हणतात, ते बाल्कनीत वास घेत नाहीत. हिवाळ्यात मटारच्या शेंगा आल्या की मडकं एका आठवड्यात गच्च होतं, तेव्हा शेंगांची टरफलं दोन दिवस वाळवून घाला.

तळाच्या मडक्यात महिनाभर मुरू दिलं की ओल्या मातीचा वास येतो, तेव्हा चाळा. दहा किलो कचऱ्यामागे दीड-दोन किलो खत मिळतं. एक भाग खत, दोन भाग माती, एक भाग कोकोपीट या मिश्रणात कढीपत्ता छान धरतो. नुसत्या खतात लावलं तर मुळं गुदमरतात.

खांबामुळे सुका कचरा मात्र कमी होत नाही, पार्सलचे खोके आणि दुधाच्या पिशव्या तशाच राहतात. पिशवीचा कोपरा पूर्ण कापू नका, लोंबता ठेवा. तो सुटा तुकडा भंगारात जातच नाही. आणि नव्या नगरसेवकाला विचारायचं ते हेच: वेगळा दिलेला सुका कचरा जातो कुठे, आणि गाडीत वेगळे कप्पे का नाहीत?