रिझ्युमचं दुकान: प्रिंट भारी, नंबर दुसऱ्याचाच

संभाजीनगरच्या वाळूज एमआयडीसीत काम हुडकायलो तर सगळे म्हणले आधी रिझ्युम करून घे, म्हणून बजाजनगरकडच्या एका झेरॉक्सवाल्याकडं गेलतो. नाव घेत नाही, माणूस चांगलाय, उगं कशाला कुणाच्या पोटावर पाय. ८० रुपयात टायपिंग, दोन कलर प्रिंट अन् व्हॉट्सॲपवर पीडीएफ, पंधरा मिनिटात हातात. स्पीडला पाचपैकी पाच.

पण आतला मजकूर! त्यानं विचारलंच नाही की बाबा तू काम काय करतो. नाव, जन्मतारीख, शिक्षण, फोटो, झालं. आधीच्या कुण्या पोराची फाईल उघडली अन् तिच्यावरच माझं नाव टाकलं. भोवती निळी बॉर्डर, वर करिअर ऑब्जेक्टिव्ह म्हणून चार ओळी इंग्रजी ज्या मला अजून नीट वाचता येत नाहीत, मग वडलांचं नाव, धर्म, लग्न झालं का नाही, छंद क्रिकेट (मी बॅट शेवटची सातवीत धरली), अन् शेवटी वरील माहिती खरी आहे असं डिक्लेरेशन, त्याच्याखाली ठिकाण जालना. मी गेवराईचा! मोबाईल नंबर पण त्या जालनेवाल्याचाच राहिलता, ते तर आठ दिवसांनी कळलं, तवर सहा गेटवर कागद देऊन झालते अन् मी फोनची वाट बघत बसलतो.

रूमवरचा दादा सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशीन) ऑपरेटर आहे. त्यानं कागद हातात घेतला अन् म्हणला, "अरे दोन वर्षं मशीनवर काढलीस, ती कुठंयत यात?" होती की, 'अनुभव २ वर्षे' एवढी एक ओळ, ती पण छंदाच्या खाली.

मग त्यानं वहीच्या पानावर लिहून दिलं. वर नाव, नंबर अन् राहायला रांजणगाव (वाळूजजवळचं). गावाकडचा पत्ता टाकला की कंपनीवाल्यांना वाटतं पोरगं दिवाळीला गेलं की परत येत नाही. त्याच्याखाली लगेच काम: आयटीआय टर्नर, सीएनसी टर्निंग, फॅनुक कंट्रोल (मशीन चालवायची कॉम्प्युटर सिस्टीम), सेटिंग स्वतः करतो, ऑफसेट (माप जुळवायचा आकडा) टाकतो, इन्सर्ट (टूलचं कापायचं पातं) बदलतो, ड्रॉइंग वाचतो, मायक्रोमीटरनं ०.०१ मिमीपर्यंत मोजतो. कोणता पार्ट चालवायचो, शिफ्टला किती पीस काढायचो, ते पण. प्रोग्रामिंग येतं असं मी लिहायलो तर त्यानं पेनच हिसकला, म्हणला मशीनसमोर उभं करून ट्रायल घेतेत, तिथं काय करशील? धर्म, छंद, ऑब्जेक्टिव्ह सगळं उडवलं, एका पानात बसलं.

तेच पान घेऊन परत त्याच दुकानात. ३० रुपये घेतले अन् मुकाट्यानं टाईप करून दिलं, फक्त बॉर्डर काढायला लावली तर तोंड वाकडं केलं, "लई गरीब दिसतंय भाऊ." दिसू दे. यावेळी नंबर तिथंच उभा राहून लावून बघितला, माझाच फोन वाजला.

एकूण पाचपैकी अडीच. स्वतःचा मजकूर लिहून न्या, टायपिंगला दुकान झकास आहे. अन् जालन्याचा जो कुणी भाऊ आहे त्याला माझ्या नावानं एखाद्या कंपनीतनं फोन आला असल, तर कुठनं आलता तेवढं सांगा राव.